घरच्या नॅससाठी हार्ड डिस्क कशी निवडावी: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या अकोल्याच्या घरी कपाटावर ठेवलेला नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली साठवणारी पेटी, पहाटे बारीक आवाजात बीप द्यायला लागला. आतल्या दोन हार्ड डिस्कपैकी एक गेली होती. त्यावर वडिलांच्या भजनी मंडळाच्या शंभराहून जास्त कॅसेटी होत्या, मी दोन वर्षं रविवार-रविवार बसून संगणकात उतरवलेल्या. दुसऱ्या डिस्कवर त्याचीच प्रत शाबूत होती, त्यामुळे मी फारशी घाबरले नाही. बाजारातून तेवढ्याच आकाराची, त्यातल्या त्यात स्वस्त डिस्क आणली आणि बसवली. रात्रीत सगळं परत भरून होईल असा अंदाज होता. चौथा दिवस उजाडला तरी काम निम्म्यावरच होतं. खोलीत बेचाळीस डिग्री, आणि दोन वर्षांची मेहनत एकाच जुन्या डिस्कच्या भरवशावर. पाचव्या दिवशी नव्या डिस्कने चुका द्यायला सुरुवात केली आणि नॅसने तिला बाहेरच काढलं.

डिस्क बिघडलेली नव्हती. ती या कामासाठी केलेलीच नव्हती, आणि हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मग योग्य जातीची डिस्क मागवली. तेच काम नऊ तासांत झालं.

तेव्हापासून मी डिस्क निवडताना एकच प्रश्न पुढे ठेवते: जोडीची डिस्क मरेल त्या दिवशी ही कशी वागेल? खालच्या पायऱ्या त्याच प्रश्नाला धरून लिहिल्या आहेत.

## १. आधी जागा मोजा

दुकानात जाण्याआधी घरातला सगळा डेटा एकदा मोजा. फोन, लॅपटॉप, जुने पेनड्राइव्ह, लग्नाच्या डीव्हीडी, सगळं. अंदाजासाठी काही आकडे देते. फोनचा एक फोटो साधारण ३-४ एमबी. एक मिनिटाचा फोरके व्हिडिओ फोनच्या सेटिंगप्रमाणे १७० ते ४०० एमबी. कॅसेटवरचा आवाज न दाबता साठवला तर तासाला सुमारे ६०० एमबी. हँडीकॅमच्या मिनी-डीव्ही कॅसेटी असतील तर तासाला तब्बल १३ जीबी धरा. लोकांचा अंदाज बहुतेक वेळा इथेच चुकतो.

आलेल्या बेरजेची दुप्पट करा. पुढच्या चार-पाच वर्षांची वाढ त्यात धरली जाते, आणि नॅस काठोकाठ भरायचाही नसतो. ८० टक्क्यांच्या पुढे गेलात की वेग पडायला लागतो.

आणखी एक: ४ टीबीची डिस्क संगणकावर ३.६ च्या आसपास दिसते. तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.

## २. पेटी कोणती आहे ते पाहा

नॅस म्हणजे घरच्या राउटरला जोडलेली, स्वतःची डिस्क असलेली पेटी. घरातला कोणताही फोन किंवा लॅपटॉप तिच्यावर फाइल ठेवू शकतो. ती सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारखी तयार पेटी असेल, किंवा जुन्या डेस्कटॉपवर ट्रूनॅस अथवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर टाकून तुम्हीच केलेली असेल.

तयार पेटी असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलची सुसंगत डिस्कची यादी असते. डिस्क घेण्याआधी ती उघडाच. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मालिकेतल्या पेट्यांवर आधी फक्त स्वतःच्या यादीतल्या डिस्क चालतील अशी अट घातली होती, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पेटीतल्या डीएसएम या सॉफ्टवेअरच्या ७.३ आवृत्तीत ती सैल केली. अशा अटी बदलत राहतात, म्हणून यादी खरेदीच्या दिवशीच बघा.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक नॅस म्हणून वापरत असाल तर ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टची वेगळी वीज लागते हे विसरू नका. पायच्या यूएसबीतून ती चालत नाही.

## ३. सीएमआर की एसएमआर: सगळ्यात मोठा सापळा

या लेखातली एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा.

हार्ड डिस्कच्या चकतीवर डेटा गोल-गोल पट्ट्यांत लिहिला जातो. जुन्या पद्धतीत या पट्ट्या शेतातल्या सऱ्यांसारख्या शेजारी-शेजारी असतात. एक सरी मोडून पुन्हा काढली तरी बाजूच्या सरीला धक्का लागत नाही. हे सीएमआर.

नव्या पद्धतीत त्याच चकतीवर जास्त डेटा बसावा म्हणून एक पट्टी दुसरीवर थोडी चढवतात, अगदी कौलारू छपरासारखी. रचताना कौलांवर कौलं घालत जाणं सोपं. पण मधलंच एक कौल फुटलं तर त्याच्यावरची सगळी उचलून, ते बदलून, परत रचावी लागतात. हे एसएमआर. वाचताना काही फरक जाणवत नाही. एकदा फाइल टाकून ठेवली आणि विसरलात तरीही जाणवत नाही. कारण अशा डिस्कमध्ये थोडी मोकळी जागा अंगणासारखी राखलेली असते. येणारा डेटा आधी तिथे उतरतो आणि डिस्क निवांत असताना तो आत रचला जातो.

नॅसमधली एक डिस्क मेली आणि नवी बसवली की मात्र नव्या डिस्कवर तासन् तास न थांबता लिहिणं चालू असतं. अंगण भरून जातं. डिस्कला आवरायला उसंत मिळत नाही. वेग कोसळतो, कधी कधी डिस्क उत्तरच देत नाही, आणि नॅसला वाटतं की ही पण गेली. माझ्या घरी नेमकं हेच झालं. ट्रूनॅस वापरतं त्या झेडएफएस या डेटा साठवायच्या पद्धतीत हा त्रास विशेष होतो.

ओळखायचं कसं? खोक्यावर बघून नाही. मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात ‘रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी’ या ओळीसमोर काय आहे ते वाचा. पूर्वी हे लिहिलेलंच नसायचं. २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेत २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि ग्राहकाला तसं सांगितलेलं नव्हतं. बराच गदारोळ झाला. त्यानंतर सीगेट, तोशिबा आणि वेस्टर्न डिजिटल या तिघांनीही कोणती डिस्क कोणत्या जातीची ते जाहीर केलं, आणि वेस्टर्न डिजिटलने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाखाली वेगळ्या काढल्या.

आजच्या घडीला घरच्या नॅससाठी बिनधास्त बघाव्यात अशा मालिका: वेस्टर्न डिजिटल रेड प्लस आणि रेड प्रो, सीगेट आयर्नवुल्फ आणि आयर्नवुल्फ प्रो, तोशिबा एन३००. या सगळ्या सीएमआर आहेत. नुसतं ‘रेड’ लिहिलेली, मॉडेल क्रमांकात ईएफएएक्स (EFAX) ही अक्षरं असलेली २ ते ६ टीबीची डिस्क नॅसला घेऊ नका. सीगेटच्या बॅराकुडा मालिकेतल्या २, ४ आणि ८ टीबीच्या लोकप्रिय डेस्कटॉप डिस्कही एसएमआर आहेत. संगणकात दुसरी डिस्क म्हणून त्या चांगल्या, नॅसमध्ये नकोत.

दुकानदाराने “मॅडम, दोन्ही सेमच आहेत, ही दोन हजारांनी स्वस्त पडेल” म्हटलं तर पूर्ण मॉडेल क्रमांक विचारा आणि तिथेच फोनवर तपासा. दुकानदार वाईट असतो असं नाही. बहुतेकांना हा फरक खरंच माहीत नसतो.

## ४. ‘नॅस डिस्क’मध्ये वेगळं काय असतं

इथे नावांचा एक घोळ आहे, तो आधी सोडवते. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ डिस्कमधलं रेड म्हणजे लाल रंग. ‘रेड १’, ‘रेड ५’ मधलं रेड म्हणजे दोन किंवा जास्त डिस्क एकत्र बांधायची पद्धत. मराठीत दोन्ही तस्सेच लिहिले जातात आणि बोललेही जातात, त्यामुळे नवा माणूस हमखास गोंधळतो. खाली मी दुसऱ्या अर्थासाठी ‘रेड जोडणी’ म्हणते.

साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. एकट्या संगणकात हे योग्यच आहे, कारण तो डेटा दुसरीकडे नसतो. रेड जोडणीत मात्र तोच डेटा शेजारच्या डिस्कवर तयार असतो. म्हणून नॅस डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडते आणि नॅसला सांगते, ही जागा जमत नाही, दुसरीकडून घे. डेस्कटॉप डिस्क अडून बसली तर नॅस तिला मेलेली समजून बाहेर काढू शकतो.

शिवाय नॅस डिस्क चोवीस तास फिरण्याच्या हिशोबाने केलेल्या असतात. आयर्नवुल्फ आणि रेड प्लसवर वर्षाला १८० टीबी वाचन-लेखनाची क्षमता आणि ३ वर्षांची हमी सांगितलेली असते. डेस्कटॉप डिस्कवर ५५ टीबी आणि बहुधा २ वर्षं. प्रो मालिकांना ५ वर्षांची हमी मिळते. दोन खणांच्या घरगुती पेटीला प्रो लागतच नाही. त्या पैशात मी बॅकअपसाठी वेगळी डिस्क घेईन.

## ५. आकार, फेरे आणि आवाज

गिगाबिटच्या घरगुती नेटवर्कवरून सेकंदाला ११०-११५ एमबीपेक्षा जास्त जातच नाही. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्कही तेवढं आरामात देते. त्यामुळे ७२०० फेऱ्यांची डिस्क वेगासाठी घेऊ नका. ती जास्त तापते आणि जास्त वाजते. नॅस दिवाणखान्यात किंवा झोपायच्या खोलीत असेल तर रात्री हा आवाज फार खुपतो. बऱ्याच मालिकांमध्ये लहान आकाराच्या डिस्क ५४०० च्या आणि मोठ्या ७२०० च्या असतात, म्हणून माहितीपत्रकात फेरे आणि डेसिबल दोन्ही पाहा.

दोन खणांच्या पेटीत दोन सारख्या आकाराच्या डिस्क आरशासारख्या जोडा, म्हणजे रेड १. जागा एकीचीच मिळते. ४ टीबी आणि ६ टीबी जोडलीत तर मिळणार ४ टीबीच. उलट, पुढे एखादी बदलायची वेळ आली तर नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी.

दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, लागोपाठच्या सीरियल क्रमांकांच्या घेऊ नका. एकाच घाण्यातल्या डिस्कमध्ये दोष असला तर तो दोघींतही निघू शकतो. मी एक पुण्याच्या तापकीर गल्लीतून घेतली आणि दुसरी महिन्याभराने ऑनलाइन.

## ६. खरेदी: काय मागायचं, काय जपायचं

सोबत हे लागेल:

- पूर्ण मॉडेल क्रमांक लिहिलेला कागद (फक्त ‘आयर्नवुल्फ ४ टीबी’ पुरत नाही)
- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर डिस्कचा सीरियल क्रमांक
- खोक्यावरच्या आयातदाराच्या स्टिकरचा फोटो: नाव, पत्ता, एमआरपी, महिना
- पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, लेबल दिसेल असा

आयातदाराचं स्टिकर नसेल तर ती डिस्क आडवाटेने आलेली असू शकते, आणि मग भारतात हमी मिळेलच असं नाही. खात्री करायचा सोपा मार्ग आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर हमी तपासायचं पान असतं. तिथे सीरियल क्रमांक आणि देश टाका. हमीची तारीख दिसली पाहिजे. दुकानात असाल तर पैसे देण्याआधी हे करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

‘ओईएम’, ‘बल्क’, ‘रिफर्बिश्ड’, ‘सेलर वॉरंटी’ हे शब्द दिसले की थांबा. अशी डिस्क वाईटच असते असं नाही, पण पहिल्या नॅससाठी ती जोखीम घेऊ नका.

ऑनलाइन मागवलेली डिस्क नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत खुळखुळत आली तर चालू करून बघण्याच्या भानगडीत न पडता परत पाठवा. आपटलेली डिस्क आज चालते आणि सहा महिन्यांनी जाते, आणि तोवर परतीची मुदत संपलेली असते.

मोठी पोर्टेबल डिस्क फोडून आतली डिस्क वापरायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. त्यात हमी जाते. लहान, २.५ इंची पोर्टेबल डिस्क बहुतेक एसएमआर असतात आणि पुष्कळांच्या आत यूएसबीची खाच थेट सर्किटवरच असते, म्हणजे त्या नॅसच्या खणात बसतच नाहीत.

## ७. डेटा टाकण्याआधी डिस्क तपासा

परतीची मुदत सात-दहा दिवसांची असते. ती संपायच्या आत हे उरका.

डिस्कची स्वतःची एक नोंदवही असते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स, तयार नॅसमध्ये त्याचाच स्टोरेज विभाग ती उघडून दाखवतो. नव्या डिस्कमध्ये चालू असलेले तास शून्य किंवा एक-दोन असावेत. क्रमांक ५, १९७ आणि १९८ या ओळी खराब किंवा संशयित जागांच्या आहेत, तिथे मूळ आकडा (‘रॉ व्हॅल्यू’) शून्यच हवा. १९९ वाढत असेल तर बहुधा केबल किंवा तिची खाच सैल आहे. आधी ती बदलून पाहा.

तासांचा आकडा पुसताही येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या कित्येक वापरलेल्या एक्सॉस डिस्क विक्रेत्यांकडून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीस आलं. त्यांच्या स्मार्टमधले तास शून्य केलेले होते. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, तिच्यात खरे तास राहिले होते. स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. सीगेटची डिस्क घेतलीत तर दोन्ही आकडे जुळतात का ते जरूर पाहा.

मग स्मार्टची लांब चाचणी लावा. ४ टीबीला सात-आठ तास लागतात, रात्री लावून झोपा. लिनक्स येत असेल तर बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमची लिहून-वाचून करायची चाचणीही करा. ती चार वेळा पूर्ण डिस्क लिहिते आणि चार वेळा वाचते, ४ टीबीला तीनेक दिवस जातात. ती डिस्कवरचं सगळं पुसते, म्हणून फक्त रिकाम्या डिस्कवरच आणि डिस्कचं नाव दोनदा वाचूनच चालवा. चाचणी संपली की ५, १९७, १९८ पुन्हा पाहा. शून्यावरून एकनेही हलले असतील तर डिस्क परत.

## ८. ऊन, पाऊस आणि वीज

डिस्क ६०-६५ डिग्रीपर्यंत चालते असं माहितीपत्रकात असतं. मी ४५ ची रेघ धरते. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा कपाटावर, छताजवळ, भिंतीला चिकटून ठेवलेल्या पेटीत डिस्क सहज पन्नाशी ओलांडते. आमचा नॅस आता खाली, फरशीपासून हातभर उंचीवर, मागे वीतभर जागा सोडून ठेवला आहे, आणि दर दोन महिन्यांनी पंख्यावरची धूळ ब्रशने काढते. तेवढ्यानेच सहा डिग्री उतरल्या. कोकणात किंवा गोव्यात असाल तर ओल येणारी भिंत टाळा.

वीज जाणं हा उन्हाहून मोठा धोका. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलच नाही, अख्खी जोडणीही बिघडू शकते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस दोन डिस्कच्या नॅसला पुरतो, पण यूएसबी केबलने नॅसला जोडता येणारा घ्या, म्हणजे वीज गेल्याचं नॅसला कळतं आणि तो स्वतःहून नीट बंद होतो. घरात इन्व्हर्टर असेल तरी वीज बदलतानाच्या क्षणात नॅस रीस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते लावा.

बिलाची काळजी फार नको. दोन डिस्क आणि पेटी मिळून २० वॉटच्या आसपास, म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट.

## ९. तिसरी प्रत

रेड १ म्हणजे बॅकअप असं समजून बरेच जण इथे थांबतात. चुकून फोल्डर पुसलात तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. व्हायरस आला, पाणी शिरलं, चोरी झाली, तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून पुन्हा मिळणार नाही अशा गोष्टींची, म्हणजे फोटो, आवाज, कागदपत्रं यांची एक प्रत घराबाहेर हवी. इथे एसएमआरची स्वस्त पोर्टेबल डिस्क अगदी चालते, कारण एकदा लिहून ठेवायचं असतं. नॅसने बाहेर काढलेली ती स्वस्त डिस्क मी याच कामाला लावली. ती बहिणीच्या घरी असते आणि दिवाळी-गुढीपाडव्याला ताजी होते.

## १०. बसवताना लेबल लावा

डिस्क ट्रेमध्ये सरकवण्याआधी तिच्या सीरियल क्रमांकाची शेवटची चार अक्षरं आणि खरेदीचा महिना कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ट्रेच्या दर्शनी बाजूला चिकटवा. बिल आणि हमीच्या पानाचा फोटो नॅसवर न ठेवता फोनवर ठेवा.

कधीतरी नॅस सांगेल की एक डिस्क गेली. त्या वेळी ‘डिस्क १’, ‘डिस्क २’ या नावांवर जाऊ नका. घरी बनवलेल्या नॅसमध्ये हे क्रमांक रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात. पडद्यावर मेलेल्या डिस्कचा सीरियल क्रमांक वाचा, तो चिठ्ठीशी जुळवा, दुसऱ्या कोणालातरी मोठ्याने वाचायला सांगा, आणि मगच ट्रे ओढा. त्या क्षणी चांगली डिस्क बाहेर ओढली गेली तर वरची सगळी काळजी वाया जाते.